विश्लेषण : ई-सिगारेटचा अ‍ॅटोमायझर व्हिनेगर, सोडा, स्पिरिटने धुणे किती धोक्याचे?

भारतात २०१९ पासून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात आणि विक्री यांवर बंदी आहे. तरीही परदेशातून येणाऱ्या सामानातून आणि चोरट्या विक्रीतून ही उपकरणे महाविद्यालयीन तरुणांच्या, काही वेळा शाळकरी मुलांच्याही हाती पोहोचतात. बंदीमुळे सुटे भाग सहज मिळत नाहीत. मिळाले तरी ते महाग असतात आणि अस्सल असल्याची खात्री नसते. मग जळका वास मारू लागलेला अ‍ॅटोमायझर घरातल्याच वस्तूंनी धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह होतो. स्वयंपाकघरातले व्हिनेगर, खाण्याचा सोडा, औषधांच्या कपाटातले स्पिरिट… या वस्तू आपण रोज हाताळतो, काही तर खातोही. मग त्यांचा अंश वाफेबरोबर फुप्फुसात गेला तर एवढे काय बिघडणार? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि जगातील काही दुर्घटनांमध्येही.

अ‍ॅटोमायझर म्हणजे नेमके काय?

ई-सिगारेटचे मुख्य भाग तीन : बॅटरी, द्रव साठवण्याची टाकी आणि अ‍ॅटोमायझर. चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ मध्ये विकसित केलेल्या उपकरणापासून आजच्या ई-सिगारेटचा प्रवास सुरू झाला. अ‍ॅटोमायझरमध्ये धातूच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला ‘कॉइल’ म्हणतात. या कॉइलमध्ये किंवा तिच्याभोवती कापसाची वात असते. समईतली वात तेल शोषते, तशी ही वात द्रव शोषते. ओढणाऱ्याने झुरका घेतला की बॅटरीतून वीज वाहते, तार तापते आणि वातीतल्या द्रवाचे सूक्ष्म थेंबांत रूपांतर होते. ज्याला बोलीभाषेत ‘वाफ’ म्हणतात ती पाण्याची वाफ नसते. प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादद्रव्ये यांच्या अतिसूक्ष्म थेंबांचे ते धुके असते. तारेवर आणि वातीत जे काही असेल, त्याचा काही अंश या धुक्याबरोबर थेट फुप्फुसात जातो. अ‍ॅटोमायझर कशाने धुतला, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

काळा थर कशामुळे साचतो?

साखरेचा पाक आचेवर जास्त वेळ राहिला की तो आधी तांबूस होतो, मग काळा पडून भांड्याला चिकटतो. कॉइलवर जवळपास हेच घडते. द्रवातील गोडी आणणारे पदार्थ, स्वादद्रव्ये आणि ग्लिसरीन वारंवार तापून त्यांचा जळका, चिकट थर तारेवर बसतो. द्रव जितका गोड आणि गडद, तितका थर लवकर साचतो. थरामुळे तार सगळीकडे सारखी तापत नाही, वात नीट भिजत नाही आणि कापूस करपतो. द्रवाचे तापमान प्रमाणाबाहेर गेले की ग्लिसरीन व प्रॉपिलिन ग्लायकॉलचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन ही घातक रसायने तयार होतात. अ‍ॅक्रोलिन म्हणजे तेल करपल्यावर डोळ्यांना आणि घशाला झोंबणाऱ्या धुरातला घटक. जळका वास हा त्यामुळे कॉइलचे आयुष्य संपल्याचा इशारा असतो. उत्पादक कॉइल हा ठरावीक काळाने बदलायचा भाग समजतात. कापूस एकदा करपला की तो कोणत्याही द्रावणाने पूर्ववत होत नाही.

कोणते घरगुती पदार्थ वापरले जातात?

ई-सिगारेटच्या सुरुवातीच्या काळात अ‍ॅटोमायझर महाग होते आणि लवकर निकामी होत. त्या वेळी पाश्चात्त्य देशांतील वापरकर्त्यांनी व्हिनेगर, व्होडका, कोला, खाण्याचा सोडा, एवढेच काय, कवळी स्वच्छ करण्याच्या गोळ्याही वापरून पाहिल्या. तेच उपाय आजही सांगितले जातात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे.

व्हिनेगर आणि लिंबू : चिंच-लिंबाने तांब्या-पितळेची भांडी लखलखतात, कारण आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. अ‍ॅटोमायझरमध्ये मात्र तेच आम्ल पितळी भाग, निकेलचा मुलामा आणि डाख यांनाही खाऊ लागते. भांडे आपण घासून खळखळून धुतो. इथे सुटलेला धातू त्या अरुंद पोकळीत आणि कापसात अडकून राहू शकतो. लिंबाच्या रसातील साखर आणि गर तापल्यावर नव्याने करपतात, ते वेगळेच.

खाण्याचा सोडा : हा तापला की त्याचा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट होतो. तो अधिक अल्कधर्मी असतो आणि श्वसनमार्गाचा दाह करू शकतो. शिवाय त्याची पूड बारीक छिद्रांत साचते.

स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर : शुद्ध अल्कोहोल उडून जाते, हे खरे. पण घरात असते ते क्वचितच शुद्ध असते. स्पिरिटमध्ये ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून इतर द्रव्ये मिसळलेली असू शकतात. जेल सॅनिटायझरमध्ये ते घट्ट करणारे पदार्थ आणि सुगंध असतात, ते मागे उरतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधील अ‍ॅसिटोन टाकीचे प्लास्टिकच विरघळवू शकते.

कोला : यात फॉस्फोरिक आम्ल असते, म्हणून गंज निघाल्यासारखा दिसतो. पण सोबत भरपूर साखरही असते. जो थर काढायचा, त्याचाच कच्चा माल आपण आत ओततो.

कवळीच्या गोळ्या : यांपैकी अनेक गोळ्यांमध्ये परसल्फेट असते. हे रसायन काही लोकांमध्ये दमा आणि अ‍ॅलर्जीला कारणीभूत ठरते.

भांडी घासण्याचे लिक्विड : यातील फेस आणणारे घटक आणि सुगंध कापसात मुरतात. फेस दिसेनासा झाला म्हणजे साबण गेला, असे होत नाही.

खरी अडचण कापसाची आहे. नव्या पद्धतीच्या बहुतेक कॉइल बंद डबीत असतात. आतली वात बाहेर काढता येत नाही आणि फडक्यासारखी पिळताही येत नाही. जे द्रावण आत गेले, त्याचा काही भाग तिथेच राहतो. पुढच्या झुरक्याला तोच तापतो.

खाल्लेले चालते, मग श्वासातून का नाही?

कारण पोट आणि फुप्फुस ही दोन वेगळी खाती आहेत. पोटात गेलेल्या पदार्थावर जठरातील आम्ल काम करते, आतडे निवड करते, यकृत त्यातले विष बरेचसे निष्प्रभ करते. फुप्फुसातील वायुकोशांची भिंत मात्र अतिशय पातळ असते. तिच्या एका बाजूला हवा, तर दुसऱ्या बाजूला थेट रक्त. नाकातील केस आणि घशातील चिकट द्राव मोठी धूळ अडवतात. अतिसूक्ष्म थेंब त्यांना चुकवून आत पोहोचतात. शिवाय पदार्थ तापल्यावर मूळचा राहत नाही. ‘खाण्यास सुरक्षित’ हे प्रमाणपत्र खाण्यापुरतेच असते, याचे तीन मोठे दाखले आहेत.

पहिला दक्षिण कोरियाचा. तिथल्या हिवाळ्यात घरातली कोरडी हवा दमट ठेवण्यासाठी पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रे वापरतात. त्यांच्या टाकीत बुरशी होऊ नये म्हणून पाण्यात टाकण्याचे जंतुनाशक १९९४ पासून दुकानांत सर्रास विकले जात होते. त्यातील रसायने त्वचेला फारशी घातक मानली जात नव्हती. पण यंत्राने त्यांचे सूक्ष्म तुषार केले आणि ती रात्रभर झोपलेल्या माणसांच्या फुप्फुसात गेली. २०११ मध्ये सोलच्या रुग्णालयात गरोदर आणि बाळंतीण स्त्रिया फुप्फुसाच्या अनाकलनीय आजाराने दाखल होऊ लागल्या, तेव्हा हा संबंध उघड झाला आणि ही उत्पादने बाजारातून काढून घेण्यात आली. त्यात शेकडो जणांचा मृत्यू झाला, त्यांत लहान मुलेही होती. हे सारे ‘स्वच्छतेसाठी’ विकत घेतलेल्या घरगुती उत्पादनामुळे घडले.

दुसरा अमेरिकेचा. मिसुरी राज्यातील मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातील आठ माजी कामगारांना श्वासनलिकांचा दुर्मीळ आणि बरा न होणारा आजार झाल्याचे २००० साली पुढे आले. कारण होते लोण्याचा स्वाद देणारे डायअ‍ॅसिटिल. पॉपकॉर्न खाणाऱ्यांना त्यापासून अपाय नव्हता. तापलेल्या मिश्रणाची वाफ रोज हुंगणाऱ्यांना होता.

तिसरा दाखला ई-सिगारेटचाच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या तीव्र इजेची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांची संख्या २,८०७ वर गेली होती आणि मृत्यू ६८ होते. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातील द्रवात ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ सापडले. गोळ्यांमध्ये आणि त्वचेच्या क्रीममध्ये बिनधोक वापरला जाणारा हा पदार्थ गांजातील अर्क असलेल्या, बहुतांशी चोरट्या मार्गाने मिळालेल्या द्रवात तो दाट करण्यासाठी मिसळला होता.

यांपैकी कोणतीही घटना अ‍ॅटोमायझर धुण्यामुळे घडलेली नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. व्हिनेगरचे दोन थेंब आत राहिले म्हणून कोणाचे फुप्फुस लगेच निकामी होईल, असेही नाही. मात्र तिन्ही घटनांतला धडा एकच आहे : पदार्थाचे धुके केले की त्याच्या सुरक्षिततेचे जुने हिशेब लागू पडत नाहीत. अ‍ॅटोमायझर हे तर धुके करण्याचेच यंत्र आहे.

कोरडी तापवून ‘जाळून साफ’ केली तर?

काही जण द्रव न घालता कॉइल लाल होईपर्यंत तापवतात. थर जळून राख होतो, रसायन वापरावे लागत नाही, म्हणून हा उपाय निर्धोक वाटतो. पण कॉइलची तार निकेल-क्रोमियम किंवा लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियम अशा मिश्रधातूची असते. वारंवार लाल होईपर्यंत तापवल्याने तिच्या पृष्ठभागाची रचना बदलते. ई-सिगारेटविषयी तुलनेने अनुकूल मत असलेले ग्रीसचे संशोधक डॉ. कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनीही असे करू नये, असा सल्ला दिला होता. धातूची चिंता एरवीही आहेच. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५६ वापरकर्त्यांची उपकरणे तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. बाटलीतील द्रवाच्या तुलनेत, कॉइलमधून गेल्यानंतरच्या धुक्यात शिसे, निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले. म्हणजे तापणारी तारच धातूचा उगम ठरते. आम्लाने खाल्लेल्या किंवा जाळून काढलेल्या तारेकडून याहून बऱ्याची अपेक्षा करता येत नाही.

तातडीचा धोका कोणता?

फुप्फुसावरचे परिणाम सावकाश दिसतात. आग, विषारी वायू आणि विषबाधा यांना काही क्षण पुरतात. स्पिरिट आणि सॅनिटायझर खोलीच्या तापमानालाही पेट घेतात. त्यांनी भिजलेला अ‍ॅटोमायझर पूर्ण वाळण्याआधी बॅटरीला जोडून बटण दाबले, तर ती पेटवलेली काडीच असते. बॅटरीच्या टोकांत द्रावण शिरले तर शॉर्टसर्किट होऊन लिथियम बॅटरी भडकू शकते.

विषारी वायूचा धोका स्नानगृहात असतो. ‘अधिक चांगले साफ व्हावे’ म्हणून कुणी ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र केले, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्नानगृहात तो जिवावर बेतू शकतो. ही दोन द्रव्ये कोणत्याही साफसफाईसाठी कधीही मिसळू नयेत.

आणि धुताना हाताला लागणाऱ्या द्रवातले निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते. हे धुवण सिंकमध्ये, वाटीत किंवा पाण्याच्या पेल्यात उघडे राहिले आणि लहान मुलाने तोंडाला लावले, तर विषबाधा होऊ शकते. २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटिन असते. लहान मुलासाठी ही मात्रा अतिशय धोकादायक आहे.

इतर देशांत काय नियम आहेत?

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये द्रवातील निकोटिनची कमाल तीव्रता २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, टाकीची क्षमता २ मिलिलिटर आणि बाटलीचा आकार १० मिलिलिटर अशा मर्यादा आहेत. मुलांना सहज उघडता न येणारे झाकण आणि माहितीपत्रक बंधनकारक आहे. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली. त्यामागे कचरा आणि मुलांमधील वाढता वापर ही कारणे होती. त्यामुळे तिथे पुन्हा भरता येणारी, कॉइल बदलता येणारी उपकरणे उरली. नोकरी-शिक्षणासाठी तिथे असलेल्या मराठी तरुणांसाठीही नियम तोच : टाकी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे साध्या कोमट पाण्याने धुवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि कॉइल धुऊन वापरण्याऐवजी नवी बसवावी. अर्थात स्वच्छ कॉइलमुळे निकोटिनचे व्यसन निर्धोक होत नाही. आणि हे उपकरण सोबत घेऊन भारतात येणे कायद्यात बसत नाही.

भारतातला कायदा काय सांगतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निकोटिन नसलेली उपकरणेही या बंदीत येतात.

बंदीचा हेतू नव्या पिढीला व्यसनापासून दूर ठेवण्याचा आहे आणि त्याला बळ देणारी कारणे आहेत. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. साधी सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनयुक्त ई-सिगारेट काही प्रौढांना उपयोगी ठरते, असे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आढावे सांगतात. ब्रिटनची आरोग्यसेवा त्या आधारेच सल्ला देते. भारताने मुलांवरील धोका अधिक वजनाचा मानला. मात्र बंदी आली आणि वापर चोरून सुरू राहिला, की एक पोकळी तयार होते. चोरट्या वस्तूवर घटकांची खरी यादी नसते, सूचनापत्रक नसते, तक्रार करायला दुकान नसते. डॉक्टरांना विचारावे तर भीती वाटते. ही पोकळी मग ऐकीव नुस्खे भरून काढतात. कायदा वस्तू पकडू शकतो. चुकीची माहिती पकडणे हे शाळा, डॉक्टर आणि पालकांचे काम आहे.

घरात असे उपकरण सापडले तर?

पेन ड्राइव्ह, हायलायटर किंवा लिपस्टिकसारखे दिसणारे उपकरण, फळांचा किंवा मिठाईचा वास, कापसाचे तपकिरी बोळे, मुलाच्या खोलीत विनाकारण आलेली स्पिरिटची बाटली… या खुणा दिसल्या तर आरडाओरडा करण्याआधी बोलते करणे महत्त्वाचे. ‘हे कशाने धुतोस?’ हा प्रश्नही विचारावा. उत्तरातून धोका किती, ते कळते. उपकरण ओल्या कचऱ्यात किंवा आगीत टाकू नये. त्यातील बॅटरी ई-कचरा म्हणूनच द्यावी.

मुलाने द्रव किंवा धुवण प्यायल्याचा संशय आला, तर उलटी करवू नये. त्वचेला लागले असल्यास भरपूर पाण्याने धुवावे आणि बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. उलट्या, लाळ गळणे, घाम, फिकटपणा, थरथर ही लक्षणे सुरुवातीची असू शकतात. ती दिसण्याची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. दिल्लीतील ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. ई-सिगारेट ओढणाऱ्याला धाप, छातीत दुखणे, ताप किंवा न थांबणारा खोकला सुरू झाला, तर उपकरण कशाने धुतले होते हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. उपचारांसाठी ती माहिती गरजेची असते.

व्यसन सोडायचे असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८०० ११ २३५६ या क्रमांकावर निःशुल्क आहे. मुंबईतील टाटा मेमोरियल केंद्रही या सेवेशी जोडलेले आहे. काळवंडलेली कॉइल हातात घेऊन व्हिनेगरची बाटली शोधण्यापूर्वी हा फोन करणे केव्हाही सोपे.